ठाम विधानांचं बटण

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलीने काढलेली एक फुली आहे. साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर. तिची एक रेघ दुसरीपेक्षा किंचित लांब आहे आणि टोकाशी थोडी वळलेली आहे. म्हणजे काढणाऱ्याने हात उचलण्याआधीच मान दुसरीकडे फिरवली असावी. पेन्सिल सुतारकामाची, रुंद शिशाची. मी ती फुली खोडलेली नाही. एकदा कॅलेंडर लावून झाकली होती, पण पंखा लावला की कॅलेंडर हलायचं आणि फुली डोकावून परत आत जायची. त्यापेक्षा ती उघडी बरी, असं ठरवून मी कॅलेंडर काढून टाकलं.

फुलीचा अर्थ असा, की घण पहिल्यांदा इथे मारायचा.

भिंतीच्या अलीकडे माझी खोली. खोली म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, पुस्तकांचं कपाट, खिडकी आणि घरातलं असं एकमेव दार, जे मी आतून लावलं तर कुणी कारण विचारत नाही. पलीकडे थोरल्या दिरांचा हॉल. तिथे माझ्या जाऊबाई बसतात. मी त्यांना वहिनी म्हणते. चहा झाला की त्या भिंतीवर दोनदा टकटक करतात. मला यायचं असेल तर मी उलट टकटक करते. नसेल तर करत नाही, आणि त्या समजतात की मी बाहेर गेलेय. इतकी सोपी आणि कुणालाही न दुखावणारी यंत्रणा मी इतकी वर्षं संगणकात घालवूनही दुसरी पाहिलेली नाही.

ती भिंत पाडून दोन्ही घरांचा मिळून एक मोठा हॉल करायचा, ही कल्पना वहिनींची. एकदा कपबशा पुसता पुसता त्या म्हणाल्या होत्या, की ही भिंत नसती तर केवढं मोकळं वाटलं असतं, एका हाकेत सगळी माणसं समोर. "चालेल ना गं तुला?" आणि मी हातातली बशी पुसत म्हटलं होतं, "चालेल."

इथे थोडं व्याकरणात शिरावं लागेल. 'चालेल' हा होकार आहे असा सार्वत्रिक समज आहे. तो होकार नाही, भविष्यकाळ आहे. बोलणाऱ्याने आत्ताविषयी काहीच म्हटलेलं नसतं. पुढे कधीतरी, तशी वेळ आलीच, तर गाडी कशीबशी रेटली जाईल, एवढाच त्यात मजकूर आहे. मी पडद्यांच्या रंगाला चालेल म्हटलंय, सहलीच्या जागेला चालेल म्हटलंय. लग्नाचं विचारलं तेव्हाही मी चालेलच म्हटलं होतं आणि ते खरोखर बरं चाललंय, त्यामुळे शब्दावर माझा राग नाही. तक्रार एवढीच, की त्यातलं एक चालेल वहिनींनी जपून ठेवलं आणि गवंड्याला बोलावलं.

गवंड्याने बोटांच्या पेरांनी भिंत तीन-चार ठिकाणी वाजवली, कान लावला आणि सांगितलं, की हिच्यावर भार नाही. काढली तरी वरचं काही खाली येणार नाही. मी विचारलं, कशावरून? त्याने पुन्हा वाजवून दाखवली. माझ्याखेरीज सगळ्यांचं समाधान झालं. मग त्याने फुली काढली आणि घण कधी घेऊन यायचं ते कळवा म्हणून निघून गेला. कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण खोली माझी. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता. आमच्या घरात कुठलाही अवघड प्रश्न निघाला की तो पंख्याकडे पाहतो. पंख्याला आमच्या संसारातलं बरंच माहीत असणार.

"बघते," मी म्हटलं.

तेव्हापासून माझा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलतो. तो थांबवला की डावा हलायला लागतो. कुणी वरच्या मजल्यावर खिळा ठोकला तरी मी उठून भिंत पाहून येते.

त्याच सुमाराला ऑफिसातलं काम आलं. आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते: कोणता रुग्ण केव्हा, कोणत्या खुर्चीत, कोणता दात. ते बरोबर चालतं की नाही हे तपासणं माझं काम. आमच्या व्यवस्थापकांना त्यांच्यामागे सगळे 'अर्धा तास' म्हणतात, कारण दुसऱ्याच्या कुठल्याही कामाला त्यांच्या मते तेवढाच वेळ लागतो. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, एक छोटंसं. आपली असर्शन्स चालू असतात की बंद, तेवढं टेस्ट करून सांगा. अर्धा तास."

असर्शन म्हणजे ठाम विधान. प्रोग्राम लिहिणारा मधेच एक ओळ लिहून ठेवतो: इथवर आलो आहोत म्हणजे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर सगळं काम जागच्या जागी थांबवा. एका वेळी एका खुर्चीत एकच माणूस असला पाहिजे, वगैरे. वाचायला फार करारी वाटतं. पण आम्ही ज्या प्लॅटफॉर्मवर काम करतो तिथे ही ठाम विधानं मुळात बंद असतात. लिहिलेली असतात, डोळ्यांना दिसतात, आणि प्रोग्राम त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातो. ती ऐकली जावीत असं वाटत असेल, तर प्रोग्राम सुरू करतानाच तसं वेगळं सांगावं लागतं. ज्याने ही पद्धत बसवली त्याने कुठल्यातरी एकत्र कुटुंबात बराच काळ काढला असावा.

ती चालू आहेत की बंद, हे पाहायची रीत सोपी आहे. एक धडधडीत खोटं विधान करायचं. प्रोग्राम थांबला, तर चालू. निमूट पुढे गेला, तर बंद. मी लिहिलं: दोन बरोबर तीन असलेच पाहिजेत. माझ्या संगणकावर मी ती विधानं मुद्दाम चालू ठेवलेली असतात; तिथे प्रोग्राम जागीच थांबला. मग तोच प्रोग्राम चाचणीच्या सर्व्हरवर पाठवला. तिथे आमच्या सगळ्या चाचण्या रोज आपोआप होतात आणि अहवालात हिरव्या खुणा येतात. अहवाल हिरवागार आला.

म्हणजे तिथे बंद, असं कुणीही म्हणालं असतं. मी म्हटलं नाही. खोटं विधान तिथे पोचलं तरी का, हे आधी पाहायला हवं. पाहिलं तर ते पोचलं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकाचं लिखाण दुसरा माणूस वाचून मगच पुढे जातं, आणि माझं वाचायला 'शुद्धलेखना'कडे गेलं होतं. हे माझे सहकारी. चांगले आहेत, फक्त त्यांना चूक दिसली की हात आवरत नाही. त्यांनी तीनचे दोन केले होते आणि खाली प्रेमाने लिहिलं होतं, "घाईत राहिलं असावं, दुरुस्त केलंय."

मी त्यांना भेटून समजावलं, की ते मुद्दाम खोटं आहे. त्यांना ते पटलं, पण सहन होईना. एवढं तरी उघड खोटं कशाला, म्हणाले. दोन बरोबर सव्वादोन लिहिलं तर काम भागणार नाही का? विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईने 'दोन बरोबर तीन' यासाठी जिवाच्या आकांताने भांडावं, आणि तेही उभ्याने, कॉफीच्या मशीनपाशी, चार माणसं कप घेऊन थांबलेली असताना. शेवटी मी ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहिली: "खालचं विधान खोटं आहे. कृपया खोटंच ठेवावं." आता ते सर्व्हरवर पोचलं. अहवाल पुन्हा हिरवागार.

म्हणजे बंद. आणि पहिल्या दिवसापासून बंद. आम्ही इतकी वर्षं ज्या हिरव्या खुणांवर विसंबून होतो, त्या सगळं ठीक असल्याच्या नव्हत्या. कुणी तोंड उघडलं नसल्याच्या होत्या.

हे मी अर्धा तासांना सांगितलं. ते म्हणाले, पण हिरवं आहे ना? मी म्हटलं, हिरवं आहे, कारण काही तपासलंच गेलेलं नाही. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पण हिरवं आहे."

बटण चालू करायचं तर सर्व्हरवाल्यांची परवानगी लागते. सर्व्हरवाले तळमजल्यावर बसतात आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायची सोय नाही. संगणकावरून अर्ज करावा लागतो. अर्जात पहिलाच रकाना: या बदलामुळे कोणती नवी सोय मिळेल? मी खरं ते लिहिलं: "प्रोग्राम थांबेल." अर्ज परत आला, ही सोय नसून गैरसोय आहे, असा शेरा होता. मी सुधारून लिहिलं: "प्रोग्राम योग्य वेळी थांबेल." तो परत आला तेव्हा विचारलं होतं, योग्य वेळ कोण ठरवणार. प्रश्न चांगला होता. मी दोन दिवस त्यावर विचार केला, 'ते विधान लिहिणारा' असं लिहून अर्ज पुन्हा पाठवला, आणि दोन्ही पाय हलत राहिले.

घरी माझी चुळबुळ नवऱ्याच्या लक्षात आली. काय झालंय, असं त्याने विचारलं, आणि मी, बोलायचं होतं भिंतीबद्दल ते सोडून, बटणाबद्दल बोलले. एक बटण आहे, ते चालू आहे की बंद ते कुणालाच माहीत नाही, असं काहीतरी. त्याने अर्धंच ऐकलं आणि जिन्यात भेटलेल्या मीटरकाकांना सांगितलं.

मीटरकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. नोकरीत असताना घरोघरची विजेची मीटरं तपासायचे. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. तोच तो, स्क्रूड्रायव्हरसारखा, प्लगात घातला की आत लाल दिवा लागतो तो. ते आले आणि कुठलं बटण ते दाखवा म्हणाले. मी म्हटलं, घरातलं नाही काका, ऑफिसातलं, आणि ते दिसण्यासारखंही नाही; मी तिथे टेस्टर आहे.

"माझ्याकडे आहे की," म्हणत त्यांनी तो खिशातून काढला.

पुढचा वेळ त्यांनी आमचा प्रत्येक प्लग तपासला. प्रत्येक ठिकाणी दिवा लागला आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझीच शंका फिटली. जाताना दारात थांबून त्यांनी सल्ला दिला, की ज्या बटणाने काय चालू होतं ते ठाऊक नाही, ते बटण दाबायच्या भानगडीत पडू नये. मी त्यांचे आभार मानले. मनात म्हटलं, यांना विजेपलीकडचं काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी अर्ज मंजूर झाला. नुसता मंजूर नव्हे, सढळ हाताने मंजूर. मी मागितलं होतं फक्त चाचणीच्या सर्व्हरवर. तळमजल्यावरच्या कुणा सहृदय माणसाने लिहिलं होतं, की आपल्याला वारंवार अर्ज करायचा त्रास नको, म्हणून सगळीकडेच चालू केलं आहे. सगळीकडे म्हणजे खऱ्या सर्व्हरवरसुद्धा. ज्याच्यावर खरे दवाखाने चालतात, खऱ्या दातांचे.

चाचणीच्या सर्व्हरवर अपेक्षेप्रमाणे लाल खुणांचा पाऊस पडला. वर्षानुवर्षं गप्प बसवलेली ठाम विधानं एकदम बोलायला लागली. त्यातलं एक खुर्चीचं होतं. दोन माणसांनी एकाच क्षणी वेळ मागितली, तर आमचा प्रोग्राम दोघांनाही तीच खुर्ची द्यायचा. दवाखान्यांकडून याच्या तक्रारी पूर्वीपासून येत होत्या आणि आम्ही दर वेळी नम्रपणे कळवत होतो, की तुमच्या रिसेप्शनिस्टकडून चूक होत असावी. मला जागेवरून उठून कुणालातरी हे सांगावंसं वाटलं. मी उठले, आणि तेवढ्यात सगळे फोन वाजायला लागले.

झालं होतं असं. खूप पूर्वी इथून सोडून गेलेल्या कुणी लिहून ठेवलं होतं: रुग्णांचे साठलेले सगळे निरोप पाठवले गेले असलेच पाहिजेत. आणि ते पाठवायची आज्ञाही त्याने त्या ठाम विधानाच्या पोटातच लिहिली होती. विधान बंद, म्हणून आज्ञाही बंद. पुढे कुणीतरी निरोप पाठवायची निराळी सोय केली आणि जुने तसेच पडून राहिले. आता विधान जागं झालं, आणि त्याने इमानेइतबारे आपलं काम केलं. गावभरच्या फोनवर निरोप गेले: "आपला दात काढण्यासाठी उद्या सकाळी यावे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यांबाहेर लोक उभे होते. काही रागावलेले होते. काही मात्र नुसतेच घाबरून वेळेवर आले होते, आणि मला त्यांचंच जास्त वाईट वाटलं. कुणी ये म्हटलं म्हणून निघालेली माणसं. मीटरकाकांनाही निरोप गेला होता. ते सकाळीच आमच्या दारात आले, तोंडातली वरची कवळी काढून हातात धरली, खालची काढून दुसऱ्या हातात धरली आणि मग बोलायला लागले. त्यांचं म्हणणं मला अर्धंच कळलं, पण बटण हा शब्द दोनदा आला.

ऑफिसात बैठक झाली. चुकीची दुरुस्ती साधी होती: ती आज्ञा त्या विधानाच्या पोटातून काढून बाहेर ठेवायची. ती मी आणि शुद्धलेखनांनी मिळून लगेच केलीही. खऱ्या सर्व्हरवरचं बटण बंद केलं, तेही बरोबरच होतं. ते मी मागितलंच नव्हतं. पण अर्धा तासांना बटण चाचणीच्या सर्व्हरवरही बंद करून हवं होतं, कारण लाल अहवाल वर दाखवता येत नाही. मी खुर्चीचं सांगितलं. ते म्हणाले, खुर्चीचं नंतर सवडीने बघू; आधी सगळं चालत होतं, नाही का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला म्हणायचं होतं, की आधी चालत नव्हतं, आधी नुसतं थांबत नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाक्य तोंडात तयार होतं.

"बघते," मी म्हटलं.

बैठकीनंतर कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी मला "काय दातवाल्या बाई" म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, आणि ते हसू दिवसभर तोंडात खड्यासारखं टोचत राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण एक निरोप भिंतीपलीकडेही गेला होता. वहिनींना आला होता तो असा: "आपल्या मुलीचा दुधाचा दात काढण्यासाठी तिला उद्या सकाळी घेऊन यावे." मुलगी आता दूर परगावी असते आणि तिची स्वतःची मुलं दुधाचे दात पडायच्या वयाला आली आहेत. वहिनींनी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, थोड्या रडल्या, मग मुलीला फोन केला. मुलगीही थोडी रडली आणि म्हणाली, यंदा सुट्टीत पोरांना घेऊन येते, सगळेच येतो, राहायलाच येतो. फोन ठेवून वहिनींनी भिंतीकडे पाहिलं, आणि गवंड्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. मला न विचारता नव्हे. त्यांनी टकटक केली होती. मी उलट टकटक केली नाही. म्हणून मी बाहेर असेन असं समजून त्यांनी परस्पर कळवलं.

म्हणजे माझी भिंत माझ्याच चाचणीने पडणार होती. कारणांची इतकी सरळ साखळी मला प्रयोगशाळेतसुद्धा कधी सापडली नव्हती.

शनिवारी त्या स्वतः येऊन सांगून गेल्या, की तुझं टेबल मी मोठ्या हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवणार आहे, मधोमध, सगळ्यांमध्ये. आणि टेबलावर ठेवायला त्यांनी एक दिवाही आणला होता. हिरव्या काचेचा, छान होता. त्या वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. मी दिव्याची वायर पाहिली, बटण दोनदा दाबून पाहिलं आणि छान आहे म्हटलं. मग नवऱ्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, "तुझी खोली, तू म्हणशील तसं." आणि पंख्याकडे पाहू लागला. वाक्य अगदी न्याय्य होतं, पण त्याला धरून उभं राहता येईल असं त्यात काही नव्हतं.

रविवारी सकाळी गवंडी आला. घण आणला होता. माझं टेबल पॅसेजमध्ये आडवं उभं होतं आणि कपाटावर जुनी चादर होती. वहिनींनी डोक्याला पंचा गुंडाळला होता. दीर मोजपट्टी घेऊन, काहीही न मोजता, ती उघडून मिटत होते. मीटरकाका कवळ्या लावून हजर होते आणि भिंतीत वायर आहे की नाही ते सांगतो म्हणून कोपऱ्यातल्या प्लगात टेस्टर घालून बसले होते. दिवा लागत होता. नवरा दारात उभा होता. खोलीतला पंखा धूळ उडू नये म्हणून बंद केलेला, त्यामुळे त्याला पाहायला जरा कमीच होतं.

गवंड्याने पुन्हा एकदा भिंत वाजवली. भार नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्याने फुली शोधली, तिच्यावर तळहात ठेवला आणि पाय फाकवून उभा राहिला.

माझा फोन वाजला. अर्धा तास होते. रविवारी त्रास देतोय, म्हणाले, पण उद्या सकाळी वरच्या मंडळींसमोर अहवाल ठेवायचाय आणि तो हिरवा हवा. तळमजल्यावरचा माणूस बटणापाशी बसूनच आहे, फक्त माझं हो म्हणणं बाकी आहे, कारण अर्ज माझ्या नावावर आहे. मी म्हटलं, त्या खुर्चीचं अजून झालेलं नाही. ते म्हणाले, मॅडम, खुर्ची कुठे पळून जात नाही. मी खोलीत फेऱ्या मारायला लागले, पण सामान हलवल्यावरही खोली लहानच होती; चार पावलांत भिंत येत होती आणि मला वळावं लागत होतं. भिंत आली की मी वळत होते. एवढंच तर तिचं काम होतं.

फुलीवर आता गवंड्याचा तळहात नव्हता. तो घण उचलून माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.

"मग मॅडम," कानात आवाज आला, "बंद करून टाकतो. चालेल ना?"

आणि त्याच वेळी वहिनी पुढे होऊन, माझ्या दंडाला हात लावून, अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, करू दे ना त्याला सुरुवात. चालेल ना तुला?"

ओठ सवयीने त्या शब्दाच्या आकारात आले. च पर्यंत आलेही. मी फुलीकडे पाहिलं. तिची ती एक लांब रेघ, मान वळवून काढलेली.

"नाही," मी म्हटलं. "चालणार नाही."

आवाज मोठा नव्हता. पण घण खाली आला, जमिनीवर, अलगद. मीटरकाकांनी प्लगातून टेस्टर काढला. वहिनींचा हात माझ्या दंडावरच होता, आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू भिंतच बोलली. माझे दोन्ही पाय जागच्या जागी होते. ते मला नंतर जाणवलं.

"अगं," नवरा म्हणाला. तो पंख्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होता. "नक्की कुणाला म्हणतेयस तू?"

"दोघांनाही," मी म्हटलं. "चाचणीच्या सर्व्हरवर बटण चालूच राहील. आणि वहिनी, तुम्ही टकटक केलीत की मी येईन, पण ही भिंत पाडलेली मला चालणार नाही."